पाचवी किल्ली

कुलूपवालीच्या दुकानात उभं राहायला तीन माणसांची जागा आहे आणि बसायला एक स्टूल. त्या स्टुलावर कोणी किती वेळ बसायचं, हे ती ठरवते. गिऱ्हाईक घाईत असलं पण तोंडानं बरं असलं, तर पाच मिनिटांत किल्ली त्याच्या हातात. आवाज चढवणारं असलं, तर मशीनला अचानक तेल घालावं लागतं, कानस जागेवर सापडत नाही, आणि कापलेली किल्ली तिला पुन्हा एकदा उजेडात धरून बघावीशी वाटते. रागावलेली मात्र तिला कोणी पाहिलेली नाही. तिचा राग कुलपासारखा आहे, असं तिचा नवरा म्हणतो. बाहेरून नुसतं भोक दिसतं. आत काय चाललंय ते ज्यानं खोललं त्यालाच ठाऊक.

वय चौपन्न. बोटं आखूड, नखं कायम काळी, डाव्या अंगठ्यावर ड्रिलचा जुना व्रण. दुकानाच्या पाटीवर नवऱ्याचं नाव आहे, पण गेली पंधरा वर्षं काम तीच करते. नवऱ्याचे हात थरथरायला लागले, किल्ली भोकात जाईना, तेव्हा तो स्टुलावर बसून सांगायचा आणि ती करायची. पहिल्याच दिवशी त्यानं तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे दुसऱ्यानं बसवलेल्या कुलपाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गावातल्या अकराही दुकानांत ही रीत होती. दुसरी म्हणजे नवीन कुलपाच्या किल्ल्या बंद पाकिटात येतात, ते पाकीट घरमालकानं स्वतःच्या हातानं फाडायचं आणि आपल्या डोळ्यांदेखत किल्ल्या मोजून घ्यायच्या. "आपल्या धंद्यात सोनंनाणं चोरणारा एखाद वेळेस माफ होईल," तो म्हणाला होता. "किल्ली चोरणारा नाही."

पहिली रीत तिनं आजवर पाळली. दुसरी एकदा मोडली. एकदाच, आणि जाणूनबुजून.

ती ज्यांच्या घरी मोडली ते दाजी. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून सगळं घर त्यांना दाजी म्हणायचं आणि तीही म्हणायची. दाजी बँकेत वसुली अधिकारी होते. कर्ज थकलेल्यांच्या घरांचा ताबा घ्यायचा, हे त्यांचं काम. अंगानं किरकोळ, कपडे कडक इस्त्रीचे, खिशाला दोन पेनं. जेवायला बोलावलं तर वाढणाऱ्याला कळावं इतक्या स्पष्टपणे पोळ्या मोजायचे.

अकरा वर्षांपूर्वी कुलूपवालीच्या धाकट्या भावानं आईचं दोन खोल्यांचं घर गहाण टाकलं आणि एक दिवस तो गावातूनच नाहीसा झाला. घर दाजींच्या बँकेकडे होतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. कुलूपवाली दाजींच्या घरी गेली, ती एक महिना मागायला. फक्त डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत. दाजी जेवत होते. त्यांचं जेवण होईतो ती बाहेरच्या खोलीत तासभर बसली. नणंद आतून दोनदा डोकावली आणि दोन्ही वेळा "आलेच हं" म्हणून आत गेली. मग दाजी हात पुसत आले आणि म्हणाले, "वहिनी, नियम म्हणजे नियम. आज तुमच्यासाठी वाकवला, तर उद्या सगळ्यांसाठी वाकवावा लागेल."

एवढ्यावर थांबते तर तिनं कदाचित गिळलं असतं. पण ताब्याच्या दिवशी हाताखालच्या माणसाला न पाठवता दाजी स्वतः आले. का, तर घरचं काम आहे, दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचं. कुलूपवाली तिथे पोचली तेव्हा दार उघडून झालं होतं आणि दाजी स्वयंपाकघरात उभं राहून यादी करत होते. घरातल्या एकूण एक वस्तूची यादी. पातेली मोठी दोन, लहान तीन. आरसा एक, तडा गेलेला. चमचे सात. आई कोपऱ्यात उभी होती. एका डोळ्यानं तिला धड दिसत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं. ती म्हणाली, "आठ आहेत. एक साखरेच्या डब्यात आहे."

आणि दाजींनी फळीवरचा साखरेचा डबा खाली घेतला, झाकण उघडलं, आत डोकावून चमचा आहे याची खात्री केली, आणि सातावर काट मारून आठ लिहिलं.

एवढंच. कोणी कोणाला ढकललं नाही, शिवी दिली नाही. पण ते साखरेच्या डब्यात वाकलेलं डोकं कुलूपवालीच्या मनात जे बसलं ते बसलंच.

आई लेकीकडे राहायला आली. दुकानामागच्या खोलीत, जिथे कोऱ्या किल्ल्यांची खोकी ठेवायची, तिथे तिची खाट पडली. चार महिन्यांनी कुणीतरी दाजींच्या खिडकीवर दगड मारला. घर गेलेल्यांपैकीच कोणीतरी असणार. दाजी घाबरले आणि त्यांनी निरोप धाडला: दाराला उत्तमातलं उत्तम कुलूप बसवायचंय, बाहेरचा माणूस नको, वहिनींना पाठवा, त्या घरच्या.

घरच्या वहिनी गेल्या. कमीत कमी दीड तास ड्रिल चालवल्याशिवाय उघडणार नाही, असं कुलूप त्यांनी बसवलं. दाजींना फोन आला होता, ते खिडकीशी उभं राहून कुणाला तरी तारीख देत होते. तिनं पाकीट स्वतःच फाडलं. म्हणाली, किल्ल्या लावून बघायला हव्यात. पाच किल्ल्या होत्या. चार तिनं टेबलावर एका रांगेत ठेवल्या. दाजींनी फोन कानाशी धरूनच मान हलवली आणि त्या खिशात टाकल्या. आंधळ्या म्हातारीचा आठवा चमचा शोधून काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या दाराच्या किल्ल्या मोजल्या नाहीत.

घरी आल्यावर आईनं विचारलं, कुठे होतीस इतका वेळ. "एका गिऱ्हाइकाकडे," ती म्हणाली. पाचवी किल्ली तिनं एका पत्र्याच्या डबीत टाकली आणि डबी मागच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर, गंजक्या कड्यांच्या मागे ठेवली. त्या किल्लीचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ती आहे, एवढंच पुरेसं होतं. आणखी चार महिन्यांनी आई गेली. भेटायला नणंद आणि दाजी दोघंही आले. दाजी म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. तिनं त्यांना चहा दिला. चहा पिणाऱ्या माणसाच्या दाराची किल्ली आपल्या डोक्यावर साडेतीन हात उंचीवर आहे, या विचारानं तो दिवस तिनं काढला.

पुढे एकदा, कसल्याशा जेवणाच्या वेळी, तिनं मुद्दाम विषय काढून पाहिला. आईचा साखरेचा डबा आठवतो का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. दाजींनी आठवून पाहिलं. "अशी शंभर घरं केली असतील, वहिनी," ते म्हणाले. "डबे कुठे लक्षात राहणार?"

ते विसरले होते. घर नेल्याचं तिला जितकं लागलं नव्हतं तितकं हे लागलं.

दोन वर्षांपूर्वी, दुपारच्या वेळी चष्मेवाला तिच्या दुकानात आला. हा बाजारातला तरणा कुलूपवाला, भिंगं इतकी जाड की त्याच्या तोंडावर कुणी खरं नाव घेतच नसे. आदल्या दिवशी त्यानं बँकेच्या हुकमावरून एक दार उघडलं होतं. आत एक बाई लेकराला आंघोळ घालत होती. लेकराच्या अंगाला साबण तसाच होता, आणि पोलीस म्हणाला, पटकन गुंडाळा. तो स्टुलावर बसून सांगत होता आणि मधूनमधून चष्मा काढून पुसत होता. म्हणाला, काकू, हे काम मी आता करणार नाही. कोर्टाचा कागद असला तरी नाही. पण मी नाही म्हटलं, तर ते पुढच्या दुकानात जातील.

"पुढच्या दुकानानंही नाही म्हटलं तर?" ती म्हणाली.

लोक पुढे म्हणाले, काकूंनी काय माणुसकी दाखवली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला माणुसकी सुचली नव्हती, दाजी सुचले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, खिशाला दोन पेनं लावून एका दारासमोर उभे राहिलेले आणि दार उघडायला गावात एकही माणूस नाही, असे.

बाकीच्या दहाही दुकानांत ती पायी हिंडली. आठ दिवस लागले. ज्याला लेकराचं सांगायला हवं त्याला लेकराचं सांगितलं, ज्याला धंद्याची भाषा कळते त्याला सांगितलं की आज लोक आपल्याला दाराचा राखणदार समजतात, उद्या दरोडेखोराचा सोबती समजतील. एका रविवारी सगळे तिच्या दुकानासमोरच्या ओट्यावर जमले. कागदावर एकच वाक्य होतं: ज्या दारामागे माणूस राहतो, ते दार त्याच्या मर्जीविरुद्ध आम्ही उघडणार नाही.

पहिली सही कोणाची, यावर तिनं वाद होऊ दिला नाही. थोरल्या मिस्त्रींची, ती म्हणाली. सत्तरी गाठलेले थोरले मिस्त्री या धंद्यातले सगळ्यांचे गुरू, आणि तिच्या आईचं दार उघडणारे तेच. हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. नऊ वर्षं दोघं रस्त्यात समोरासमोर आले की मिस्त्री दुकानांच्या पाट्या वाचायला लागत.

त्यांनी सही केली आणि खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिच्या पुढे ठेवली. आईच्या दाराचं जुनं कुलूप. नवीन बसवलं की जुनं कुलूपवाल्याकडेच राहतं, कोणी मागत नाही.

"तुझी आई भांडी घासत होती," मिस्त्री म्हणाले. "मी दार उघडून आत पाय टाकला, तर मागे न वळता म्हणाली, पाय पुसून ये रे, आत्ताच फरशी पुसलीय. तिला वाटलं घरचं कोणीतरी आलं. मी पुसले. अजून कुठल्याही दारात गेलो की आधी पाय पुसतो, आणि मग ते आठवतं."

कुलूपवालीनं कुलूप उचललं आणि कागदावर दुसरी सही केली.   कुलूप त्याच पत्र्याच्या डबीत गेलं, किल्लीच्या शेजारी.

त्यानंतरचं दीड वर्ष तिच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड वर्ष. बँकेनं दमदाटी करून पाहिली, दुप्पट मजुरी देऊन पाहिली. शेजारच्या गावाहून एक माणूस आणला, तर त्याला तिथल्याच कुलूपवाल्यांनी वाटेत समजावून परत फिरवलं. ताब्याच्या फायली दाजींच्या टेबलावर चढत गेल्या. नणंद येऊन रडगाणं गायची: ह्यांना जेवण जात नाही, वरचे साहेब सगळ्यांसमोर बोलतात, ह्यांचं टेबल जिन्याखाली नेलं. कुलूपवाली "अगं बाई, हो का?" म्हणायची आणि चहात आलं जरा जास्त किसायची. शेवटी दाजी निवृत्त झाले ते निरोप समारंभाशिवाय. नणंद घरचा टेबलक्लॉथ धुऊन, इस्त्री करून बसली होती, साहेब लोक घरी येतील म्हणून. कोणी आलं नाही.

ती म्हणायची, चला, फिटलं. पण डबी फळीवरून खाली आली नाही.

मग एका सोमवारी बँकेची नवी अधिकारीण दुकानात आली. पंचविशीतली पोरगी, काखेत फाईल, पायात चालून चालून झिजलेले बूट. म्हणाली, मावशी, तुम्ही नाहीच म्हणणार, पण दहा दुकानांत विचारलं, अकरावं राहायला नको. नुसतं नाही म्हणा, म्हणजे मला फाईलवर लिहिता येईल.

कुलूपवालीनं सवयीनं पत्ता विचारला. पोरीनं फाईल उघडली.

पत्ता दाजींचा होता. मुलाच्या जिमसाठी त्यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं, तेही स्वतःच्याच बँकेकडे. जिम बसली, मुलगा सासुरवाडीला जाऊन राहिला, हप्ते थकले. नणंदेनं यातलं अक्षर कधी सांगितलं नव्हतं.

"तुमचे साहेब ना ते?" कुलूपवालीनं विचारलं.

"मला काम त्यांनीच शिकवलं," पोरगी म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला होता. "एक महिना मागायला आले होते. मला फार वाईट वाटलं. पण सरच म्हणायचे, नियम म्हणजे नियम."

कुलूपवालीनं मशीन बंद केलं. दुकानात इतकी शांतता झाली की आतल्या खोलीत नवरा पेपरचं पान उलटतोय ते ऐकू आलं.

"ताबा कधी आहे?"

"गुरुवारी अकराला."

"मी येते," ती म्हणाली. पोरगी बघतच राहिली. "घरचं काम आहे. दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचं?"

अकरा दुकानांचा शब्द तिनं बांधला होता आणि आता तीच तो मोडायला निघाली होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं तो मोडला, तर पुढच्या आठवड्यात बाकीचे दहा मोडणार, आणि मग पुन्हा साबण लागलेली लेकरं. हे सगळं तिनं एका पारड्यात टाकून पाहिलं. दुसऱ्या पारड्यात साखरेचा डबा ठेवला. डबा जड निघाला.

मंगळवारी दुपारी तिनं डबी खाली काढली आणि किल्लीला तेल लावत बसली. नवरा मागे कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. त्याला हातांनी काम जमत नसलं, तरी किल्ली बघून कुलूप सांगण्यात तो अजून पटाईत होता.

"ही माझ्या बहिणीच्या दाराची आहे," तो म्हणाला.

ती तेल लावतच राहिली.

"पाकिटातून काढलीस?"

"हो."

तो स्टुलावर बसला. त्याला रागावता येत नसे. रागावला की हात जास्त थरथरत आणि लोकांना वाटे तो घाबरलाय. "ती माझी बहीण आहे गं," तो म्हणाला.

"ती माझी आई होती."

तिनं किल्लीवरचं जास्तीचं तेल फडक्यानं टिपलं. मग तो म्हणाला, "जायचं तर जा. मी अडवणार नाही. तेव्हा मी तुझ्या आईसाठी मेहुण्याशी भांडलो नाही, आता तुला अडवायचं तोंड मला नाही. फक्त जाण्याआधी ती पाटी खाली उतरव. तिच्यावर माझं नाव आहे."

तिनं पाटी उतरवली नाही, आणि किल्लीही परत डबीत टाकली नाही.

बुधवारी नणंद आली. तेलाचा वास सहन होत नाही म्हणून इतक्या वर्षांत ती घरी आली तरी मागच्या दारानं, दुकानाची पायरी चढली नव्हती. कुलूपवालीनं तिला स्टूल दाखवलं आणि एका शाळेच्या कपाटांच्या चाळीस किल्ल्या कापायला घेतल्या. मशीन किंचाळत होतं. दोनदा तिनं मान वर करून "आलेच हं, वन्सं" म्हटलं आणि पुन्हा खाली घातली. तासाभरानं नणंदेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोखंडाच्या भुश्यानं की कशानं, ते तिनं विचारलं नाही.

"तुम्ही लोक दार उघडणार नाही ना गं?" नणंद म्हणाली. "हे म्हणतात, काळजी करू नकोस. कुलूप वहिनींनी बसवलंय आणि वहिनींनीच सगळ्यांकडून शब्द घेतलाय. रात्रंदिवस तेच म्हणत बसतात."

ज्या शब्दावर दाजींनी दीड वर्ष दात-ओठ खाल्ले, त्याच शब्दाला आता ते चिकटून बसले होते. हे ऐकून कुलूपवालीला इतकं हसू आलं की ते लपवायला तिला खाली पडलेली किल्ली शोधावी लागली. शब्द अकरा जणांचा आहे वन्सं, माझ्या एकटीचा नाही, असं काहीतरी ती म्हणाली. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. नणंद ते घेऊन गेली.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ती दाजींच्या दारात पोचली. हातात अवजारांची पिशवी, मुठीत किल्ली. पोरगी फाईल घेऊन उभी होती, सोबत एक पोलीस जांभया देत होता. शेजारपाजारचे आपापल्या खिडक्यांतून रोपांना पाणी घालत होते. इतकं पाणी त्या रोपांना आयुष्यात मिळालं नसेल. पोरीनं दार वाजवलं, नोटीस वाचली. आतून उत्तर आलं नाही. पण दारापलीकडे कुणीतरी अगदी जवळ उभं होतं. कुलूपवालीला श्वास ऐकू येत होता. कुलूपवाल्यांचे कान तसे असतात.

ती पुढे झाली आणि कुलपाशी वाकण्याआधी तिनं पायपुसण्यावर पाय पुसले.

ठरवून नव्हे. कोणाच्याही दारात पुसतो तसे पुसले. पुसून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. थोरले मिस्त्री तिच्या डोळ्यांपुढे आले, रस्त्यातल्या पाट्या वाचत जाणारे. उद्यापासून दोघं मिळून वाचू.

ती तशीच वाकून राहिली आणि तिनं हिशेब केला, थंड डोक्यानं, घरातला पसारा आवरावा तसा. दार उघडलं, तर काय होईल? दाजी बाहेर येतील. हातात पिशवी, मागे नणंद. खिडक्यांतली माणसं रोपं सोडून चुकचुकतील. शंभर घरं नेणारे दाजी अकरा वाजून दहा मिनिटांनी बिचारे होतील आणि मरेपर्यंत बिचारेच राहतील. जो भेटेल त्याला सांगतील, सख्ख्या मेहुण्याच्या बायकोनं, चोरलेल्या किल्लीनं. आणि ते खरं असेल. त्यांना आईचा डबा कधीच आठवणार नाही, कारण त्यांच्याजवळ त्याहून मोठं दुःख असेल, आणि ते तिनंच त्यांना दिलेलं असेल.

इतकी महाग वस्तू दाजींना फुकटात द्यायची तिची तयारी नव्हती.

ती सरळ झाली. दारात टपालाची फट होती. तिनं तिचं झाकण वर केलं आणि किल्ली आत टाकली. फरशीवर ती खणकन वाजली.

"दाजी," ती फटीतून म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण पोलिसाची जांभई अर्ध्यात थांबली. "पाकिटात पाच असतात. तुमच्याकडे चार आहेत. मोजून घ्या."

आत मग कुणीतरी खाली वाकल्याचा आवाज, गुडघा कुरकुरल्याचा. मग कुठलासा खण उघडला गेला, आणि लाकडावर एकेक किल्ली ठेवल्याचा आवाज. एक, दोन, तीन, चार. थोडं थांबून, पाच.  दहा वर्षं. दहा वर्षं ते या दाराला आतून कडी न लावता, कुलपाच्या भरवशावर झोपले होते.

"मावशी, तुमच्याकडे किल्ली होती?" पोरगी म्हणाली.

"आता नाही," कुलूपवाली म्हणाली. "त्यांच्या घरातली एक वस्तू माझ्याकडे राहिली होती. तुमच्या यादीत नको लिहायला. आता फाईलवर लिहा, अकराव्या दुकानानंही नाही म्हटलं."

पोरीनं लिहिलं. लिहिताना ती पेन जरा जोरात दाबत होती, आणि कुलूपवालीला वाटलं, हिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. पण ते तिचं तिला ठाऊक.

ती दुकानात परतली. नवऱ्यानं पाटी ओल्या फडक्यानं पुसली होती, एवढं तिनं पाहिलं.

बँकेनं दाजींना सहा महिने दिले. द्यावेच लागले, दार कोण उघडणार? मुलानं जिमची यंत्रं विकली आणि हप्ते रडतखडत सुरू झाले. घर राहिलं. पण दाजींची झोप राहिली नाही, असं नणंद सांगते. रात्री उठून दाराला खुर्ची लावतात. नवीन कुलूप बसवून घ्यायला ते बाजारात गेले, तर चष्मेवाला म्हणाला, काकूंनी बसवलेल्या कुलपाला आम्ही काकूंना विचारल्याशिवाय हात लावत नाही. बाकीच्या दुकानांतही तेच.

म्हणून महिन्याभरानं दाजी स्वतः आले. इस्त्री नव्हती, खिशाला पेन एकच होतं. तिनं त्यांना स्टूल दाखवलं आणि मशीन सुरू केलं. तासभर ते बसले. किंचाळणं थांबलं तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, पाकिटात पाचच असतात ना?"

तिनं किल्ली उजेडात धरून बघितली. "तुम्ही मोजल्या होत्या ना?" ती म्हणाली.

कुलूप बदलून हवंय, ते म्हणाले. ती म्हणाली, या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात ते आले, तेव्हाही ती हेच म्हणाली. आता दर पहिल्या तारखेला येतात. कोरड्या तोंडानं पाठवायचं नाही म्हणून नवरा चहा करतो. बिनसाखरेचा करतो, त्याला स्वतःला साखर बंद आहे म्हणून.

त्या पहिल्या दिवशीही त्यानं थरथरत्या हातानं कप दाजींच्या हाती दिला होता. कुलूपवालीनं आतल्या खोलीतून आईचा डबा आणला. भांडी लिलावात गेली होती, पण हा पोचे आलेला, दोन पैसेही न येणारा डबा आईला परत मिळाला होता. तो तिनं मशीनवर, दाजींच्या हाताला येईल असा ठेवला.

"साखर लागली तर घ्या," ती म्हणाली. "चमचा डब्यातच आहे."

दाजींनी हात पुढे केला. झाकणापर्यंत नेला. तिथेच तो थांबला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. तिनं तो शेवटपर्यंत उतरू दिला.

मग दाजींनी हात मागे घेतला आणि चहा तसाच प्याले.

तिनं पुढची किल्ली कापायला घेतली.